कड्याखालची वाट आणि पाण्याची वेळ

आम्ही भाजे गावच्या बचत गटातल्या बाया. मळवली स्टेशनवर उतरून लेण्यांकडे निघालं की लागतं ते आमचं गाव. डोक्यावर लोहगड आणि विसापूर उभे, त्यामुळे कडा म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको. गुरांच्या मागे, सरपणाला, विंचूकाट्याच्या माचीपर्यंत लहानपणी सगळ्याच जणी फिरलेल्या. पण ज्याच्या पायथ्याशी समुद्र आहे असा कडा आमच्यातल्या बहुतेकींनी पाहिलेला नव्हता. तो आम्ही गेल्या पौष महिन्यात पाहिला, रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला. आज तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेबद्दल सांगायचं आहे. वाट कशी आहे ते थोडं सांगू, पण ती कधी चालायची हे जास्त सांगू, कारण तिथंच आमचं चुकलं होतं.

आधी पैशाचं सांगून टाकतो, कारण बाकीच्या गटांच्या ताया तेच आधी विचारतात. सहलीसाठी दहा महिने दर बैठकीला माणशी १०० रुपये वेगळे काढले. वेगळी वही, वेगळी पेटी. अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावला नाही. एकीचा हप्ता थकलेला असताना गट फिरायला गेला, असं बोलणं गावात एकदा सुरू झालं की गट टिकत नाही. भाताची कापणी-झोडणी उरकली, घरातल्यांची समजूत काढली आणि पंधरा जणी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून निघालो. खोपोली, पाली, वाकण, कोलाड, माणगाव, म्हसळा आणि मग समुद्र. पहाटे साडेचारला निघालो ते साडेदहाला पोचलो.

दिवस आम्ही मुद्दाम पौर्णिमेचा धरला होता. देवाचं ठिकाण, पौर्णिमेचं दर्शन, दुसऱ्या दिवशी रविवार. कागदावर सगळं छान जमलं होतं.

हरिहरेश्वरला दक्षिण काशी म्हणतात. इथं सावित्री नदी समुद्राला मिळते. रीत अशी, की आधी काळभैरवाचं दर्शन घ्यायचं, मग हरिहरेश्वराचं आणि पुन्हा काळभैरवाचं. देवळाच्या मागून प्रदक्षिणेची वाट निघते. ती आधी डोंगरावर चढते आणि मग दोन उभ्या कातळभिंतींच्या मधल्या अरुंद घळीतून पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरते. खाली पोचलं की डावीकडे-उजवीकडे रस्ता असा नाहीच. डोंगराच्या पायाशी सपाट कातळाचा ओटा पसरलेला आहे, त्यावरून वळसा घालून परत देवळाजवळच्या किनाऱ्याला लागायचं. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला समुद्र. देवाची प्रदक्षिणा आणि समुद्राचं दर्शन एकाच फेरीत होतं, म्हणून माणसं लांबलांबून येतात.

दर्शन आटोपून आम्ही अकराच्या सुमाराला त्या वाटेला लागलो. तेवढ्यात शहाळी विकणाऱ्या एका ताईंनी हाक मारली, "बायांनो, आता खाली जाऊ नका. पाणी भरतंय."

आमच्यात एक मावशी आहेत, वय साठीच्या पुढं. त्यांचा प्रदक्षिणेचा नवस होता. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबनं आलो ते बसून राह्यला व्हय? हळूहळू जाऊ की." दोघी-तिघींनी मान डोलावली. खरं सांगायचं तर आम्हा पुढारीण म्हणवणाऱ्यांनाही वाटलं, की ही बाई उगाच घाबरवते आहे. ऊन छान, वारा छान, समुद्र लांबून निळा आणि शांत दिसत होता.

मग आमच्यातली एक जण म्हणाली, "पावसाळ्यात आपण धबधब्यापाशी पोरांना हेच सांगतो ना?" आणि सगळ्या गप्प झालो. कारण खरंच आहे ते. आषाढ-श्रावणात भाज्याला गर्दी लोटते. आम्ही कणसं आणि भजी विकत बसलेल्या असतो. वर डोंगरात पाऊस लागला की इकडं ऊन असलं तरी पाणी अचानक वाढतं, हे आम्हाला ठाऊक असतं. आम्ही सांगतो, "दादा, तिकडं जाऊ नका," आणि दादा हसून पुढं जातात. २०२४ च्या जूनअखेरीला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या ओढ्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते साऱ्या महाराष्ट्रानं मोबाईलवर पाहिलं. ती माणसंही फिरायलाच आली होती. हरिहरेश्वरला आम्ही त्या दादांच्या जागी उभ्या होतो.

शेवटी असं ठरलं, की घळीच्या तोंडापर्यंत जायचं आणि वरूनच बघायचं. वरून पाहिलं आणि मावशींनी पदर तोंडाला लावला. जिथून चालायचं तो ओटा कुठं दिसतच नव्हता. लाट घळीत शिरत होती, दोन्ही भिंतींच्या मध्ये कोंडून उंच उसळत होती आणि खालच्या पायऱ्या पांढऱ्या फेसाखाली जात होत्या. मग लाट मागं जायची, पायऱ्या चकाकत वर यायच्या, वाटायचं आता जाता येईल. आणि पुढची लाट.

त्या ताईंनी मग आम्हाला सावलीत बसवून हिशेब शिकवला. कोकणात हा पोरासोरांना येतो, आम्हा घाटावरच्यांना नवा. तिथीला पाऊणनं गुणायचं. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराच्या पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आम्ही अगदी बरोबर पूर्ण भरतीच्या मुहूर्तावर खाली उतरायला निघालो होतो! अमावास्याही पंधराच धरायची. चतुर्थी असली तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दिवसाला आणि रात्रीला मिळून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या असतात, त्यामुळे भरतीच्या वेळेत साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची तळाची वेळ येते.

हे पाऊण कुठून आलं? समुद्राचं पाणी मुख्यतः चंद्राच्या ओढीनं चढतं-उतरतं. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढं सरकते. ५० मिनिटं म्हणजे पाऊण तासाला थोडंसं जास्त. जुन्या माणसांनी पंचांग आणि पाणी यांची गाठ घातली ती अशी. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा मोबाईलवर मिळते. तरी तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये.

आमची दुसरी चूक पौर्णिमा निवडण्यातच होती. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढतं. त्याला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, तेव्हाची ती भांगाची भरती, मवाळ. पावसाळ्यात मुंबईला साडेचार मीटरच्या वर भरती असल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक अशाच उधाणाच्या दिवसांतल्या. अर्थात उधाणाला ओहोटीही खूप खालपर्यंत जाते, वाट मोकळी मिळते. वेळ साधली तर तो दिवसही वाईट नाही. पावसाळ्यात मात्र या वाटेचं नाव काढू नये, मग तिथी कुठलीही असो.

जेवलो, पथारी टाकून पडलो, किनाऱ्यावर गाणी म्हटली. चार वाजता त्या ताईंनी पाण्याकडं बघून मान हलवली आणि आम्ही उतरलो. गुडघे दुखणाऱ्या दोघी वर सामान राखायला थांबल्या.

दुपारी जिथं फेस उसळत होता तिथं आता काळ्या कातळाचं अंगण पडलं होतं. मैत्रिणींनो, हा आमचाच दगड! भाज्याची २२ लेणी ज्या काळ्या पाषाणात दोन हजार वर्षांपूर्वी खोदली, लोहगड-विसापूरचे कडे ज्याचे आहेत, तोच हा लाव्हाचा थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आमच्याकडं त्याला छिन्नीनं कोरलं, इथं पाण्यानं. कड्याच्या भिंती मधमाशांच्या पोळ्यासारख्या दिसतात, हजारो खळगे. खारं पाणी दगडाच्या बारीक भोकांत मुरतं, उन्हानं सुकतं, आत मिठाचे खडे धरतात आणि ते फुगत दगडाचा कण न् कण सोडवतात. आणि पायाखालचा ओटा म्हणजे मागं सरकलेल्या कड्याचा उरलेला पाया. लाटा कड्याला तळाशी पोखरतात, वरचा भाग निराधार होऊन ढासळतो, कडा थोडा मागं जातो. सह्याद्रीचा आमचा कडाही कोट्यवधी वर्षांपूर्वी पश्चिमेला होता आणि झिजत झिजत पूर्वेला सरकला, असं भूगर्भाचे अभ्यासक मानतात. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी देवळाचा डोंगरबी चाललाय घरी."

चालताना काय पाळलं ते सांगतो. अनवाणी चालायचं असा एकीचा आग्रह होता, तो मोडला. कातळ धारदार आहे आणि हिरवं शेवाळ असेल तिथं काच सांडल्यासारखं निसरडं. पट्ट्याच्या चपला बऱ्या. साड्या खोचून घेतल्या. ओला, चकाकणारा दगड दिसला की त्याच्या आतल्या बाजूनं चाललो, कारण दगड ओला आहे म्हणजे नुकतीच लाट तिथवर आलेली आहे. समुद्राकडं पाठ करून फोटो काढायचा नाही, हा नियम सगळ्यात जड गेला. लहान लाटांच्या मागून एखादी मोठी येते आणि ती चढताना पाडते त्यापेक्षा परतताना जास्त ओढते, पायाखालून. कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी घ्यायची नाही. ओढण्या गाठी मारून, दोरी किंवा रिकामा झाकणबंद कॅन फेकायचा, ओरडून स्थानिकांना बोलवायचं आणि ११२ नंबर लावायचा. पाण्यात पोहणारी आमच्यात एकही नव्हती.

नेहमी उतरत्या पाण्यावर चालावं. ओहोटी तळाला जाण्याआधी शिरायचं आणि पाणी फिरण्याआधी बाहेर पडायचं. आम्हाला सव्वा तास लागला. सव्वापाचला किनाऱ्याच्या वाळूवर पाय टेकले तेव्हा मावशींनी आधी समुद्राला हात जोडले, मग शहाळीवाल्या ताईंना. ताईंनी पंधरा शहाळी फोडली आणि पैसे मात्र मोजून घेतले, ते आम्हाला बरं वाटलं. धंदा तो धंदा.

रात्री एका घरगुती खोलीत मुक्काम केला आणि रविवारी परतलो. आता गटाच्या वहीच्या मागच्या पानावर तिथीचा पाढा लिहिलेला आहे. वर राहिलेल्या दोघींना पुढच्या वर्षी घेऊन जायचं आहे. गेल्या बैठकीत मावशींनीच हिशेब मांडला: अष्टमी धरू, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या पुढं. पोचायचं, दर्शन घ्यायचं आणि लगेच उतरायचं. जेवण नंतर.