पट्टे मारायचे, पण कधी?

श्रीगोंदा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत; इथला भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. त्यामुळे पोळा झाला की लगेच पार्किंगचे पट्टे मारायला घेणं म्हणजे घाईच. डांबर वरून कोरडं दिसतं, भेगांत ओल असते. ती तपासायला डांबरावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने डकवून ठेवा. आतून पाणी धरलं तर थांबा. पट्ट्यांसाठीचं थर्मोप्लास्टिक सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळवून ओततात. खालच्या ओलीची वाफ होते आणि पट्ट्यावर फोड येतात. साध्या रंगाचे पापुद्रे निघतात.

ऑक्टोबरात आभाळ मोकळं असतं, पण पहाटेचं दव असतंच. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. म्हणून ऊन चांगलं चढल्यावरच सुरुवात करावी आणि काम दुपारीच आटपावं. संध्याकाळी मारलेला पाण्यात मिसळायचा रंग रात्रीच्या दवात ओघळतो. ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.