डोक्याला तेल न्हाण्याआधी का?

तेलाने केस ‘पोसतात’ असे आपण म्हणतो. पण डोक्यावर दिसणारा केस म्हणजे निर्जीव केराटीन. त्याचे पोषण होणार कसे? तेलाचे काम वेगळेच आहे. भिजला की केस फुगतो, वाळताना आक्रसतो. या ओढाताणीत त्याच्यावरचे खवले उचकटतात, धुताना विंचरताना प्रथिन झिजते. मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली तीन तेले तपासली. ही झीज खोबरेलाने लक्षणीय घटली. सूर्यफुलाच्या व खनिज तेलाने नाही. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही मुलांना सांगावे.) खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याची १२ कार्बनची सरळ साखळी केसात शिरते, असे त्यांचे स्पष्टीकरण. म्हणजे पाण्याआधी तेल आत हवे. अभ्यंगस्नानाचा क्रम हाच आहे.