पीजे म्हणजे पांचट जोक नव्हे!

होस्टेलवर 'पीजे' म्हटलं की पांचट जोक. आम्हा सोयगावकरांची पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वे. आम्हाला जवळचं स्टेशन शेंदुर्णी.

१९१८-१९ च्या सुमारास कापसासाठी सुरू झालेला हा ५६ किमीचा मार्ग. दोन रुळांतलं अंतर फक्त ७६२ मिमी! त्यामुळे पूल हलके, खर्च कमी. पण गोम तिथेच होती. पाचोऱ्याची मेन लाइन १६७६ मिमीची. डबा पुढे जाणार कसा? प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा भरायची. ट्रकला ही भानगड नव्हती. जिनिंगमधून थेट गिरणीत. माल गेला, प्रवासी उरले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबलेली नॅरोगेज गाडी पुन्हा धावलीच नाही. गरिबाचं स्वस्त तिकीटही गेलं.

तेव्हा भावी इंजिनिअरांनो, डिझाइन करताना आधी सांधा तपासा!