रिपोर्टात आलं म्हणजे वावडं झालं का?

दहिवलीला एका बचत गटाच्या बैठकीत हिशेब संपल्यावर एका ताईने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तिच्या चार वर्षांच्या लेकीच्या रक्ताचा रिपोर्ट होता. पोरीच्या अंगाला खाज सुटायची, सर्दी हटत नव्हती, म्हणून कुणीतरी ॲलर्जीची तपासणी करायला सांगितली. पुष्कळ पैसे मोजून ती केली. कागदावर पाच नावांपुढे ‘पॉझिटिव्ह’ आलं होतं. गाईचं दूध, अंडं, शेंगदाणा, हरभरा आणि तीळ. पुढे काय करायचं ते कुणी समजावलं नाही. आईने त्याच दिवशी पाचही गोष्टी बंद केल्या.

आठ महिने ती पोर भात, तुरीचं पातळ वरण आणि चहाबरोबरच्या बिस्किटांवर होती. अंगणवाडीतल्या तक्त्यावर तिच्या वजनाची रेघ आडवी पडली होती.

मी ताईला एकच विचारलं, “रिपोर्टाच्या आधी ही अंडं खायची का?”

“खायची की! पिठलंही खायची, लाडूही खायची.”

“खाल्ल्यावर काय व्हायचं?”

ताई जरा थांबली. म्हणाली, “काहीच नाही. खाज तर आताही सुटते.”

बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत दूध पावडर लिहिलेली होती. म्हणजे दूध बंद केलंय असं आपण समजत होतो आणि पोर रोज थोडं थोडं दूध खातच होती, काही न होता!

आता हे कसं, ते सांगते. आपल्या अंगात एक राखण असते. बाहेरून आलेल्या वस्तूची ती ओळख ठेवते. काही माणसांच्या अंगात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात. रक्ताच्या तपासणीत किंवा हातावर थेंब टाकून सुई टोचतात त्या तपासणीत तीच दिसतात. राखणदाराने वहीत नाव लिहून ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ. तो काठी घेऊन मारायला धावतोच असं नाही. तो पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी, थोड्याच वेळात अंगावर त्रास उमटला, तर ते खरं वावडं. वहीतलं नाव आणि वावडं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तपासणीच्या कागदावर फक्त पहिली छापून येते.

किती जणांच्या वहीत अशी नावं असतात? आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बंगळुरू आणि म्हैसूरकडे, याची मोठी पाहणी झाली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. २० ते ५४ वयाच्या ११,७९१ लोकांना आधी प्रश्न विचारले, मग त्यांतल्या ५८८ जणांची सविस्तर तपासणी केली आणि २४ खाद्यपदार्थांसाठी रक्त तपासलं. हिशेब असा निघाला की शंभरातल्या साडेसव्वीस लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं होती. म्हणजे चारातल्या एकाहून जास्त. आणि ज्यांना त्रासही होतो आणि त्याच पदार्थाची प्रतिपिंडंही आहेत, असे किती? शंभरात १.२.

हे आपल्या भाषेत मांडू. ग्रामसंघात २०० बायका आहेत असं धरा. सगळ्यांचं रक्त तपासलं तर ५३ जणींच्या कागदावर ‘पॉझिटिव्ह’ येईल. खरं जपायला लागेल दोघी-तिघींना. उरलेल्या पन्नास जणी कागद बघून उगाच ताटातलं काढून टाकतील. त्याच प्रकल्पातली शाळकरी मुलांची माहिती २०२० साली आली, तिथे तर फरक आणखी मोठा दिसतो. भारतातल्या मुलांपैकी शंभरात १९ जणांच्या रक्तात प्रतिपिंडं, आणि खरं वावडं हजारात एक-दोघांना.

हे आकडे आपल्या रायगडचे नाहीत, कर्नाटकाचे आहेत. पण मुंबईच्या डॉक्टरांनाही असंच काहीसं दिसलं होतं. डॉ. प्रमोद निफाडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरभऱ्याच्या वावड्यावर २००१ साली अभ्यास प्रसिद्ध केला. हरभऱ्याने त्रास होतो असं सांगणारे बरेच होते. प्रत्यक्ष देखरेखीखाली हरभरा खायला देऊन पाहिल्यावर पक्के ठरले ते त्यांतले थोडेच. पण जे ठरले ते खरे होते, हेही विसरू नका. कर्जत स्टेशनवरचा वडा आपण किती सहज खातो! त्याचं वरचं आवरण हरभऱ्याच्या पिठाचंच. एखाद्याला तेच सोसत नाही.

मग इतक्या जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडं येतात कुठून? एक कारण गमतीचं आहे. राखणदाराची कधी कधी ओळखण्यात गल्लत होते. गोधडीतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, घरात झुरळं असतात. त्यांच्या अंगातलं एक प्रथिन कोलंबीतल्या प्रथिनासारखंच असतं. पावसाळ्यात आपल्याकडे भिंती ओल्या, गोधड्या दमट, त्यामुळे किड्यांची चंगळ. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं झाली की रिपोर्टात कोलंबीपुढेही ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतं, आणि माणूस मजेत कोलंबी खात असतो. झाडा-गवताच्या परागकणांचं आणि काही फळांचंही असंच साटंलोटं आहे.

आणखी एक. दोनशे पदार्थांची एकदम तपासणी करून देतो, अशा जाहिराती येतात. त्यांत पुष्कळदा आयजीई नव्हे तर आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. ती आपण जे खातो त्याची कुणाच्याही अंगात असतात. वावडं ओळखायला तिचा उपयोग नाही. त्या पैशात महिनाभराची अंडी येतील, असं मला तरी वाटतं.

आपण ज्याला सरसकट ॲलर्जी म्हणतो त्यातही भेद आहे. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, ढाळ होतात, हे बहुतेक वेळा दुधातली साखर न पचण्याने होतं. अशांना दही-ताक सहसा चालतं. आणि बांगड्याचं ऐका. मासळी समुद्रावरून आपल्यापर्यंत येईस्तोवर बर्फ कमी पडला, तर बांगडा, सुरमई अशा मासळीत हिस्टामाइन साठतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. कितीही उकळा, ते जात नाही. पंक्तीतल्या चार-पाच जणांना एकदम झालं तर दोष मासळीच्या शिळेपणाचा, कुणाच्या रक्ताचा नव्हे.

आता खरं वावडं कसं ओळखायचं ते नीट ऐका, कारण इथे हलगर्जी नको. पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलट्या होतात. पुन्हा खाल्लं की पुन्हा तेच. अशा वेळी तो पदार्थ बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा, घरी परत देऊन बघू नका. आवाज बसला, श्वास लागला, घरघर सुरू झाली, पोर मलूल पडली, तर आमसूल चोळत बसायचं नाही. १०८ ला फोन करा, माणसाला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, पण चालवत नेऊ नका. त्यावर मांडीत द्यायचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हेच पहिलं औषध आहे.

काही आया म्हणतात, त्रास होईल म्हणून बाळाला अंडं-शेंगदाणा उशिरा सुरू करू. लंडनला ६४० तान्ह्या बाळांवर अभ्यास झाला, २०१५ साली त्याचा निकाल आला. यांतल्या सगळ्यांना आधीच तीव्र इसब किंवा अंड्याचं वावडं होतं. ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा दिला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याचं वावडं शंभरात तिघांना, आणि ज्यांना टाळला त्यांच्यात सतरा जणांना निघालं. बाळ वरचं खाऊ लागलं की कूट पेजेत अगदी मऊ कालवून द्या, अख्खा दाणा कधीच नको, तो घशात अडकतो. बाळाला फार इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

त्या ताईच्या लेकीला आम्ही डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी आईला सगळं विचारलं. मग त्यांच्यासमोर अंड्याचा लहानसा तुकडा दिला, थांबले, आणखी दिला. काही झालं नाही. एकेक करून पाचही पदार्थ परत आले. खाज कोरड्या कातडीची होती, त्याला मलम दिलं.

बैठकीतून उठता उठता चटणी करणाऱ्या ताईंनी विचारलं, “मग आम्ही पाकिटावर काय लिहायचं?” पॅकबंद मालावर गव्हासारखी ग्लूटेनची धान्यं, दूध, अंडं, मासे, कोलंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन यांतलं काही असलं तर ते वेगळं लिहावं, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. तीळ त्या यादीत नाहीत, अमेरिकेत आहेत. तरी लिहा. तिळाच्या चटणीचं नावच सांगतं, पण तुम्ही शेंगदाण्याच्या चटणीतही मूठभर तीळ भाजून टाकता, आणि दोन्ही एकाच मिक्सरला फिरवता. तेही लिहा.