लहानग्यांचा मधुमेह आणि रक्तातल्या खुणा



मधुमेह म्हटला की पन्नाशीतला, अंगानं सुटलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण आठ-दहा वर्षांचं काटकुळं पोरही मधुमेहानं आजारी पडतं. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो गोड खाण्यानं होत नाही, की आईबापांच्या हयगयीनं होत नाही.

आपल्या जठरामागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि इन्सुलिनमुळे रक्तातली साखर शरीराच्या कामी येते. या मुलांच्या बाबतीत मात्र कुंपणच शेत खातं. जंतूंशी लढणारी शरीराची राखण आपल्याच बीटा पेशींवर उलटते.

हे आतल्या आत कित्येक महिने, कधी वर्षंही चालतं. मग ओळखावं कसं? लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेत जाणता शेतकरी बैल घेताना नुसता रंग बघत नाही, दातही बघतो. तसे डॉक्टर रक्तातली काही प्रथिनं तपासतात.

पहिली खूण प्रतिपिंडांची. ही राखणदारांच्या पावलांचे ठसे समजा. बीटा पेशींवर हल्ला झाला, हे ती सांगतात. १९७४ साली लंडनच्या संशोधकांनी ती प्रथम दाखवून दिली.

दुसरी खूण सी-पेप्टाइडची. भुईमुगाची शेंग फोडली की दाणे निघतात आणि टरफल उरतं. शरीरात इन्सुलिन बनताना असाच एक तुकडा सुटा होतो, तो सी-पेप्टाइड. बाजारातून आणलेल्या दाण्यांबरोबर टरफल येत नाही, तसं सुईच्या इन्सुलिनबरोबर हे येत नाही. म्हणून टरफलं मोजली की घरचं पीक किती, ते कळतं.

पण प्रतिपिंडं सापडली नाहीत म्हणजे हा मधुमेह नाहीच, असं मात्र नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाबरोबर २०२० साली आनुवंशिक खुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातल्या लोकांवरून बसवलेली जोखमीची मोजणी आपल्याकडेही उपयोगी पडते, पण काही खुणा वेगळ्या आहेत, असं त्यात दिसलं.

गुरुजनांनो, खेड्यात पहिली खूण तुमच्याच नजरेस पडणार. मूल सारखं पाणी पितं, लघवीला जाण्याची परवानगी मागतं, खाऊनपिऊन वाळतं, वर्गात पेंगतं, तर पालकांना त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. बोटाच्या थेंबभर रक्तातली साखर तिथल्या तिथे कळते. प्रथिनांच्या तपासण्या मागाहून होतील, त्यांच्यासाठी उपचार थांबवू नयेत. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास अशी लक्षणं दिसली, तर घटकाभरही थांबू नका, मोठं रुग्णालय गाठा.

आणि एक. झाडपाला किंवा अंगारा मिळाला म्हणून सुई बंद करू नका. घरचं पीकच उरलं नाही, तिथे बाहेरचं धान्य रोज आणावंच लागतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं जगत नसत. आज ती शिकतात, खेळतात, संसार करतात. मात्र त्यांची सुई चुकता कामा नये.