उपचारापूर्वी विचारावयाचा प्रश्न

पुण्याच्या महात्मा फुले मंडईची दगडी वास्तू १८८६ साली उभी राहिली. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर, लक्ष्मी रस्त्यावर, सेवासदन आहे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने ही संस्था १९०९ मध्ये पुण्यात सुरू झाली. परिचारिकेचे काम प्रतिष्ठित घरातील स्त्रीने करावे हे ज्या काळी समाजास मान्य नव्हते, त्या काळी सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयातील परिचर्येच्या शिक्षणाची वाट दाखविली. रुग्णाच्या उशाशी बसून संकोचाच्या गोष्टी समजून घेण्याची ही परंपरा आज एका नव्या कामी येऊ शकते. ते काम म्हणजे कर्करोग झालेल्या तरुण-तरुणींच्या अपत्यप्राप्तीच्या क्षमतेचे जतन.

प्रश्न का उद्भवतो?

रक्ताचा कर्करोग, लसिका ग्रंथींचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग यांसारखे काही रोग ऐन तारुण्यातही होतात. योग्य उपचार वेळेवर मिळाल्यास त्यांतील अनेक रुग्ण बरे होतात आणि पुढे संसाराचा विचार करतात. परंतु रोगाच्या पेशी नष्ट करणारी काही औषधे बीजकोशातील स्त्रीबीजांना व शुक्राणू निर्माण करणाऱ्या पेशींनाही इजा करतात. ओटीपोटावरील किरणोपचाराचाही असाच परिणाम होऊ शकतो. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. एकदा घटला की तो पुन्हा भरून येत नाही. हानी किती होईल, हे औषध, त्याची मात्रा व रुग्णाचे वय यांवर अवलंबून असते.

कोणते उपाय आहेत?

पुरुषांसाठी उपाय सोपा आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी वीर्याचा नमुना द्यावयाचा व तो उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये साठवावयाचा. यास बहुधा एक-दोन दिवस पुरतात. स्त्रियांच्या बाबतीत सुमारे दोन आठवडे संप्रेरकांची इंजेक्शने देऊन स्त्रीबीजे काढून गोठविली जातात. विवाहित दांपत्यास गर्भही गोठविता येतो. वयात न आलेल्या मुलींसाठी बीजकोशाचा ऊतक काढून जतन करण्याचा मार्ग आहे. वयात न आलेल्या मुलांसाठी मात्र असा उपाय अद्याप प्रायोगिक अवस्थेतच आहे. गोठविलेल्या बीजापासून अपत्य होईलच, अशी हमी कोणताही उपाय देत नाही. तसेच रक्ताच्या काही तीव्र कर्करोगांत उपचार थांबविणे जिवावर बेतू शकते. तेथे प्राण वाचविण्यासच अग्रक्रम द्यावा लागतो.

म्हणूनच निदान आणि उपचाराचा पहिला दिवस यांमधील थोडा अवधी मोलाचा ठरतो.

परिचारिकेचे स्थान

समजा, एकोणीस वर्षांची अविवाहित मुलगी वडिलांसमवेत रुग्णालयात आली आहे. मुलीस विचारण्याची लाज वाटते, वडिलांना विषय काढणे अवघड जाते आणि डॉक्टरांचे सारे लक्ष रोगाकडे असते. प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि उत्तर विवाहानंतर काही वर्षांनी कळते. ही कोंडी परिचारिका फोडू शकते. मुलीशी एकांतात बोलणे, शक्य ते मार्ग साध्या शब्दांत समजावणे, डॉक्टरांना आठवण देणे व तज्ज्ञांकडे त्वरित पाठविणे, हे परिचर्येचेच अंग आहे. मासिक पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा होणारच नाही, असे नव्हे. म्हणून विवाहित रुग्णांना उपचारकाळात गर्भनिरोधनाचा सल्लाही तिनेच द्यावयाचा असतो.

नित्याची शुश्रूषा याबरोबर चालतेच. औषधांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अशा दिवसांत रुग्णाने मंडईसारख्या गर्दीच्या ठिकाणी जाणे टाळावे, भाजी स्वच्छ धुऊन व शिजवून खावी आणि ताप येताच, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

गावाचे साहाय्य

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. बीज जतन करण्याचा खर्च मात्र वेगळा असू शकतो. त्याविषयी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच चौकशी करावी. हे काम करणाऱ्या केंद्रांना व बीजपेढ्यांना २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियमानुसार नोंदणी बंधनकारक आहे. तेव्हा केंद्राची नोंदणी पाहूनच लेखी संमती द्यावी.

कर्करोग हा संसर्गजन्य नाही. बऱ्या झालेल्या तरुणाचे वा तरुणीचे लग्न या रोगाच्या नावावर मोडणे हा अन्यायच होय. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हे गावात सांगावे. आणि एखाद्या घरी असे निदान झाल्याचे कळताच धीर देताना एवढेच सुचवावे : उपचार सुरू होण्यापूर्वी, पुढे मूल होण्याविषयी डॉक्टरांना वा परिचारिकेला एकदा अवश्य विचारा.