टाकी गळतेय? एम-सीलआधी हे वाचा

बिबवेवाडीत सोसायटीच्या गच्चीवरची टाकी ठिबकायला लागली की पहिला उपाय एम-सीलचा. तो सहसा टिकत नाही, पण दोष एम-सीलचा नाही. टाकी बहुधा असते पॉलिथिनची. या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मेणचट, त्याला एम-सीलसारखं इपॉक्सी नीट धरत नाही. पीव्हीसी पाइपचं सोल्युशनही इथे बिनकामाचं, कारण ते पॉलिथिनला विरघळवतच नाही. त्यात टाकी भरताना फुगते, उन्हात प्रसरण पावते. मग एम-सीलची कडक लांबी कडेने सुटते. यावर औषध एकच: वेल्डिंग.

टाकी रिकामी करून कोरडी करा, चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे चीर पुढे धावत नाही, वरचा थर खरवडा आणि हॉट एअर गनने पॉलिथिनचीच कांडी चिरेत वितळवा. भिंतही वितळायला हवी. नुसती कांडी वितळली तर ते वरवरचं ठिगळ. ‘एवढ्या खटाटोपापेक्षा नवी टाकी आणा’ हे अर्धंच खरं. ऊन खाऊन ठिसूळ झालेली, जागोजागी तडकलेली टाकी बदलावीच. पण आधी नळजोडणी तपासा. कित्येकदा गळतो तो तिथला झिजलेला वायसर.